राखेची डबी

नालवाडी, वर्धा
५ सप्टेंबर १९७९

प्रिय नलूताई,

हे पत्र शोभाबाई नर्स स्वतः तुझ्या हातात देईल. पोस्टानं टाकलं असतं तर भाऊजींनी फोडून ओसरीवर साऱ्यांसमोर वाचलं असतं, आणि तुझ्या सासूबाईंनी ओळीओळीला टेका दिला असता, "पाय बाप्पा, बापाची वांग्याची वाडी सोडून कुठं कुठं हिंडून राह्यला हा." म्हणून हातोहात पाठवतो. शोभाबाई तुमच्या गिरडच्या दवाखान्यातलीच, इकडं आठ दिवस ट्रेनिंगला आली होती, उद्याच्या गाडीनं परत जाते. तू चौथी शिकलीस, हळू वाचतेस, पण वाचतेस. गोठ्यात बस, मोरीत बस, कुठंही बस, पण एकटी वाच आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच रागावून चुलीत घालू नको. कागद पाठकोरे आहेत, मागच्या बाजूचे छापील रकाने पाहू नको.

तुला सातवा लागला हे मला पोळ्याला वडनेरला गेलो तेव्हा कळलं. मी बोटं मोजली, म्हणजे कार्तिकात, कापसाच्या वेचणीच्या सुमाराला. माय सांगत होती पण हसत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, एखादी अडलेली बाई पाहून आली की गुंडाळते तसं. तिनं हेही सांगितलं की तुमच्या घरात गोपिकाचं नाव निघालंय, तुझ्या सासूबाईंच्या, कुसुमबाईंच्या, भावाच्या पोरीचं. "हेबी गेलं तं मनोहरचं दुसरं करा लागन," असं कुसुमबाई चारचौघीत बोलल्या म्हणे. मी विचारलं, भाऊजी काय म्हणाले? माय म्हणाली, "काई नाई. सुपारी कातरत होते." ताई, भाऊजी वाईट माणूस नाही. एकदा गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाताना माझी चप्पल तुटली, तर त्यांनी आपली मला दिली आणि स्वतः तापल्या दगडांवरून अनवाणी चढले. वर जाऊन म्हणाले, "पाय भाजले तं भाजले, साळा खूश पाह्यजे." पण सुपारी कातरत बसलेला माणूस शेवटी आईचं ऐकतो, हे मी गावोगाव पाहिलं आहे. तुझा पहिला वडनेरला गेला, आठव्या दिवशी. दुसरी गिरडला गेली, तीही आठव्याच दिवशी. मी तुला काय आठवण करून द्यायची! पण हा आठवा दिवस धरून ठेव, पुढं लागणार आहे.

आता माझं. बोअरची मशीन मी सोडली. म्हणजे मशीन काटोलहून पुलगावला आली, तिथं फिरत्या टॉकीजचा तंबू लागला होता, तो पाहायला म्हणून ट्रकवरून उतरलो तो उतरलोच. दीड महिना खुंट्या ठोकल्या. तिथं एक माणूस होता, रीळ तुटली की तोंडानं आगगाडीचा आवाज काढून पब्लिकला बसवून ठेवायचा, इंजिन, शिट्टी, पुलावरून जातानाचा वेगळा, फाटकाचा वेगळा. मला अर्धा शिकवला त्यानं. ते जाऊ दे. तंबू उठला, मी वर्ध्याला आलो, आणि नालवाडीच्या चढावर एका बाईंची बंद पडलेली लुना ढकलून दिली. त्या डॉक्टर निघाल्या, घाटे बाई. चढ संपेपर्यंत त्यांनी मला सगळं विचारून घेतलं. शिक्षण किती, तर सातवी नापास. अक्षर कसं, तर मी रस्त्यावरच्या धुळीत काडीनं नाव लिहून दाखवलं. "चालेल," म्हणाल्या, "उद्यापासून ये, पण रोज येशील का?" मी म्हटलं येईन. मलाच माझी गंमत वाटली.

काम असं आहे. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी या शहरात वर्षाच्या आतली लेकरं कशानं मरत होती, ते बाईंना शोधायचं आहे. त्या काळची जन्म-मयताची जाडजूड रजिस्टरं एका खोलीत पडली आहेत, वाळवीनं कडा खाल्लेली. पण ती मोडी लिपीत. मोडी आता कुणाला वाचता येत नाही, म्हणून बाईंनी अण्णाजींना धरून आणलं. अण्णाजी म्हणजे पासष्टीचा म्हातारा, जुना नकलनवीस, चष्म्याची एक काडी दोऱ्याची, नाकात तपकीर. ते वाचतात, मी बाळबोधीत उतरवतो. वाचताना त्यांचा आवाज एकसुरी, स्टेशनवर गाड्या पुकारतात तसा. "लिही बे. नाव नाई. मुलगी. बाप तेली. वय नऊ दिवस. रोग, अंग आखडले. लिहिलं का? का खिडकीतून बाहेर जाऊन आला?" मी खरोखर खिडकीतून बाहेर जाऊन आलेलो असायचो. बाहेर एक मदारी बसायचा. पण हळूहळू जाईनासा झालो. कारण पान उलटलं की लेकरू, पान उलटलं की लेकरू. बहुतेकांना नावच नाही. बाराव्याच्या आत गेलेल्याला नाव कोण ठेवणार? तुझ्या दोघांसारखंच.

रोगाच्या रकान्यात नाना तऱ्हा आहेत. उन्हाळ्यात हगवण, हिवाळ्यात डबा, म्हणजे कफ भरून छाती उडते ते, मग देवी, गोवर, प्लेगाच्या वर्षी पानंच्या पानं प्लेग. काही लेकरांपुढं नुसतं लिहिलंय, झोपेत गेले. अण्णाजी म्हणाले, ही कापसाच्या जिनातल्या बायांची. रुई निघायच्या दिवसांत बाया पहाटे जिनात जायच्या, लेकरानं रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी चाटवायच्या, मोहरीएवढी. "मायाबी मायनं मले देल्ली असन. म्हून तं मी अजून पेंगून राह्यलो," असं म्हणून हसले आणि मग बराच वेळ तपकिरीची डबीच उघडत बसले. एके दिवशी असंच वाचता वाचता थांबले. मी म्हटलं, काय झालं? "काई नाई. बाप नकलनवीस, नाव मायाच बापाचं, वय आठ दिवस, मुलगा. हा माया मोठा भाऊ होय. मले ठाऊकच नव्हतं की असा कोणी होता." मग पुन्हा तोच एकसुरी आवाज. "लिही बे."

तू म्हणशील हा मला कशाला सांगून राह्यला, मी पोटुशी बाई. सांगतो, ऐक. बाईंनी मला म्हटलं, महिन्याच्या आतली जी गेली ती कितव्या दिवशी गेली ते मोजून काढ. मला मोजताना गडबड होते हे तुला माहीत आहे, पाढे तूच माझ्यासाठी म्हणायचीस. म्हणून मी एक शेर चिंचोके आणले. टेबलावर खडूनं तीस घरं आखली, एकेक दिवसाचं एकेक. वहीतलं एक लेकरू की त्याच्या घरात एक चिंचोका. अण्णाजी ओरडले, "काऊन बे, सरकारी टेबलावर जुवा खेळून राह्यला का?" मी म्हटलं, पाहा तर खरं. पहिल्या दिवसाच्या घरात बरेच पडले, कमी दिवसांचे, अडलेले. मग दुसरा, तिसरा, चौथा, थोडे थोडे. आणि मग ताई, सहाव्या-सातव्या-आठव्याच्या घरांत ढीगच लागला. मावेनात. चिंचोके घरंगळून शेजारच्या घरांत जायला लागले, मी ते उचलून परत ढिगावर ठेवायचो. पंधराव्यानंतर पुन्हा विरळ. तीस घरांतल्या त्या तिघांवरच जणू कुणी टोपलं पालथं केलं. अण्णाजी चष्मा वर करून पाहत राहिले. त्यांनी एक चिंचोका उचलला, बोटांत फिरवला आणि आठव्याच्या घरात परत ठेवला. तो कुणाचा ते मी विचारलं नाही.

मी म्हटलं, सटवी पाचव्या दिवशी लिहून जाते म्हणतात, तेच असेल. तेवढ्यात घाटे बाई आल्या. त्यांनी ढीग पाहिला. मग खुर्ची ओढून मला समोर बसवलं आणि विचारलं, "आठव्या दिवशी जाणारं बाळ तू पाहिलंयस?" मी म्हटलं पाहिलंय, माझ्या बहिणीचं. म्हणाल्या, सांग. मी सांगितलं, जसं वडनेरला पाहिलं तसं. पाच दिवस गुटगुटीत, मस्त प्यायचा. सहाव्या दिवशी तोंडात धरेना. रडायचा पण तोंड उघडेना. मग ओठ हसल्यासारखे ताणले, मुठी आवळल्या, दार वाजलं तरी अंग धनुष्यासारखं वाकायचं. बाई म्हणाल्या, "धनुर्वात. तेव्हाही हाच होता, आजही हाच आहे. सत्तर वर्षांत ढीग जिथल्या तिथं." हा रोग म्हणे नाळेतून शिरतो. नाळ ज्या विळ्यानं कापली त्यावरून, ज्या दोऱ्यानं बांधली त्यावरून, बेंबीवर जे लावलं त्यातून. मी विचारलं, राखेतून? "राख जळलेली असते, पण ती ठेवता कुठं? गोठ्यात ना? हा जंतू शेणात असतो, मातीत असतो. जिथं जनावरं बांधतात, तिथली माती म्हणजे त्याचं घर." ताई, हे ऐकून मी उठलो आणि बाहेर गेलो. अण्णाजी मागून म्हणाले, "चालला पाय मदाऱ्याकडं." मदाऱ्याकडं नव्हतो गेलो. धाम नदीपर्यंत चालत गेलो आणि परत आलो. का गेलो ते शेवटी लिहितो.

आधी तुझ्या दुधाचं. ते तू अजून मनात धरून बसली आहेस हे मला ठाऊक आहे. वडनेरला सहाव्या दिवशी पोरगा तोंडात धरेना तेव्हा बाळ पाहायला आलेल्या कुसुमबाईंनी वाटीत तुझं दूध काढायला लावलं आणि त्यात मुंगी सोडली. मुंगी मेली. "पाह्यलं का? दूधच जहर हाय हिचं." सगळ्या बाया च् च् करत होत्या, आणि तू भिंतीकडं तोंड करून निजलीस. मायसुद्धा काही बोलली नाही. गिरडला दुसरीच्या वेळी पहिल्या दिवसापासून तिला बकरीचं दूध पाजलं आणि तू दुधानं पदर भिजवत बसायचीस, हे मला शोभाबाईनं सांगितलं. ताई, मी इथं मुंगी सोडून पाहिली. दुधात सोडली, मेली. अण्णाजींच्या चहात सोडली, मेली, वर शिव्या खाल्ल्या. साध्या माठातल्या पाण्यात सोडली, तीही मेली. मुंगी बुडते, बाकी काही नाही. लेकरू दूध प्यायचं थांबलं ते त्याचा जबडा मिटला म्हणून. तुझ्या दुधात काही नव्हतं. हे मी घाटे बाईंना दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. दुसऱ्यांदा थोड्या चिडूनच.

हे सगळं पोटात घेऊन मी पोळ्याला वडनेरला गेलो. बाबा वाडीत होते. माय मोरीजवळ नाळेचा विळा वीटकरीनं घासत होती, हिंगणघाटच्या रस्त्यावर कुणाची तरी वेळ आली होती. मी म्हटलं, माय, तो विळा उकळत जाय, अन् राख लावू नको. ती हसली. "काऊन? तू डाक्टर झाला का?" मी चिंचोक्यांचं सांगितलं. ती घासायची थांबली. म्हणाली, "मंग तू कसा जगला रे? तुलेबी बुढीनं याच राखेनं सुकवलं. तुले मी बंडूजीच्या मायले कवडीले इकलं, म्हून तू जगला. अन् आता तू मले शिकवून राह्यला." मी विचारलं, माझ्या आधीचे दोघं कितव्या दिवशी गेले? इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. तुला तरी माहीत होतं का? ती म्हणाली, "एक सातव्या, एक आठव्या." आणि आपण काय बोललो ते तिला तेव्हाच ऐकू आलं असावं. तिनं विळा पाण्यात ठेवला. म्हणाली, "पाच गावच्या बाया मले बलावतात, कवडू. किती लेकरं मी या हातानं झेलली. जे गेले ते सारे मंग…" मला बोलायला पाहिजे होतं. मी अंगणात जाऊन बैलाच्या शिंगांचा रंग पाहत उभा राहिलो, मुद्द्याच्या वेळी मी हे असंच करतो.

थोड्या वेळानं ती गोठ्यातून आली, हातात ती पितळी डबी, आजीची, झाकणाला पोचा असलेली. "नलूले नेऊन दे. कुसुमबाईनं निरोप पाठवला होता. पहिलारू गाईची गोवरी हाये, आज सकाळीच जाळून गाळली." तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. जणू आमचं काही बोलणंच झालं नव्हतं. मी घेतली. ताई, मी तिच्या हातातून ती घेतली आणि बरं म्हटलं. त्या हाताला आणखी काय सांगणार होतो?

आता ते लिहितो, ज्याच्यासाठी इतके कागद काळे केले. अडीच वर्षांपूर्वी, माघात, तुझ्या दुसरीच्या वेळी, मायनं हीच डबी माझ्याजवळ दिली होती. पहिलं माहेरी गेलं म्हणून तुझ्या सासरच्यांनी बाळंतपण तिकडंच ठेवलं, मायला बोलावलं नाही, फक्त राख मागवली. मी वडनेरहून निघालो, हिंगणघाटला गाडी बदलली, आणि समुद्रपूरच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला बैलांच्या शर्यतीचा शंकरपट लागलेला दिसला. धुरळा, हलगी, पाचशे माणसं. मी उतरलो. तुला माहीत आहे मी उतरणारच. एक पांढरी जोडी सुटली, चाक जमिनीला लागत नव्हतं असं वाटत होतं, मी दोन्ही हात वर करून ओरडलो आणि काखेतली पिशवी खाली पडली. लोकांच्या पायांत डबी उघडली. उचलेपर्यंत राख वाऱ्यावर गेली होती, चिमूटभरही उरली नाही. रिकामी डबी घेऊन तुझ्या सासूबाईंसमोर कसा जाऊ, म्हणतील साधी डबी नेता येत नाही. पटाच्या कडेला बैल बांधले होते. तिथली माती खुरांनी तुडवून तुडवून पिठासारखी झालेली, वाळलं शेण मिसळलेलं, करड्या रंगाची. हुबेहूब राख. मी ती बोटांत चोळून पाहिली. मऊ होती. रुमालातून गाळलीसुद्धा, ताई, मायसारखी. मला वाटलं राख काय नि माती काय, शेणाचीच दोन्ही. कुसुमबाईंनी डबी कपाळाला लावली, "रुख्माबाईची राख म्हंजे राख" म्हणाल्या, मी चहा प्यालो, तुला दारातून पाहिलं, तू हसलीस, आणि मी दुसऱ्या गाडीनं मशिनीवर गेलो. पोरगी गेल्याचं बाबांचं कार्ड मला काटोलला मिळालं. तेव्हा मला डबी आठवली नाही. खोटं लिहीत नाही, खरंच नाही आठवली. घाटे बाई "जनावरं बांधतात तिथली माती" म्हणाल्या तेव्हा आठवली, आणि तेव्हापासून एक दिवस गेला नाही की रुमाल आठवत नाही. बाईंना मी ही गोष्ट दुसऱ्या कुणाची म्हणून सांगितली. त्या म्हणाल्या, मूळची राख असती तरी बाळ वाचलंच असतं असं नाही, पहिलं कुठं वाचलं? त्यांनी ते माझ्यासाठी म्हटलं असावं. मी ते तुझ्यापुढं ठेवत नाही. मी काय केलं ते ठेवतो.

मला शिव्या दे, माझं तोंड पाहू नको, भाऊबीजेला पाट मांडू नको. पण एवढं कर. शोभाबाई सोबत असतानाच दवाखान्यात जा आणि धनुर्वाताची सुई घे, याच आठवड्यात. दुसरी बरोबर एक महिन्यानं. दोन्ही घ्यायच्या, एकीनं भागत नाही. सासूबाईंना सांग ताकदीची सुई आहे, पोरगा जाड होईल, शोभाबाई तसंच सांगेल, तिचं-माझं ठरलंय. वेळ आली की शकुबाई सुईण येवो की कुणीही येवो, शोभाबाईला हाक गेली पाहिजे, ती येईन म्हणाली आहे. कुसुमबाई डबी मागतील, ती या पत्रासोबत आहे. मायच्याच हातची डबी, त्या ओळखतील. पण आत राख नाही. राख मी धाम नदीत सोडली आणि डबी उकळून घेतली, अण्णाजींच्या स्टोव्हवर, अर्धा तास, ते घड्याळ धरून बसले होते. आत घाटे बाईंनी दिलेली बंद पुडी आहे, नवं ब्लेड आणि दोरा. शोभाबाईशिवाय कुणी ती फोडायची नाही. झाकण नीट बसत नाही म्हणून वरून सुतळी बांधली आहे. बेंबीवर काही लावायचं नाही, ताई, काहीही नाही, कुणाचीही नाही. आणि पहिल्या तासापासून अंगावर पाज. मायला यातलं सध्या काही सांगू नको. ते माझं काम आहे, पोळ्याला अर्धं टाकून आलो, पुरं मीच करीन. बाराव्या दिवशी तिला आपण दोघं मिळून बोलावू, तिच्या हातानं लेकराला न्हाऊ घाल म्हणू. कार्तिक लागला की मी गिरडला येतो. घरात घेतलं नाहीस तर दर्ग्याच्या पायऱ्यांवर राहीन, तिथून तुझं अंगण दिसतं. पहिल्या दिवसापासून बाराव्यापर्यंत रोज सकाळी एकदा लेकराला घेऊन अंगणात ये. रडलं तर तोंड उघडतं का, तेवढं मला लांबून पाहायचं आहे. बारा दिवस मी कुठल्याही गाडीत बसणार नाही, कुठं पट लागो, तंबू लागो.

तुझाच, तू म्हणशील तर,
कवडू